शून्यावर कोण बसलंय? डीबी स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीच्या नोंदी

१५ जून २०२५

डीबी स्पेक्ट्रम प्लस, जुना घरगुती कम्प्युटर, एक नग. सोबत वायर कापलेला अ‍ॅडॉप्टर, थोड्या कॅसेटी आणि फाटकी पुस्तिका. जुन्या बाजारात मागितले दोन हजार, दिले अकराशे. विकणाऱ्याच्या लेखी हा 'टायपिंगचा कीबोर्ड' होता. माझी बहुधा कीव आली असावी, कारण कॅसेटी त्याने फुकटात टाकल्या.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. १६केचा (के म्हणजे किलोबाइट मेमरी) १२५ पौंडांना, ४८केचा १७५ ला. त्या काळात घरात घ्यायच्या कम्प्युटरला ही किंमत म्हणजे चमत्कार होता. कीबोर्ड मात्र रबराचा, खोडरबर दाबल्यासारखा. ऑक्टोबर १९८४ मध्ये तोच बोर्ड कडक प्लास्टिकच्या पेटीत घालून स्पेक्ट्रम प्लस आला, आणि १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो इथे काढला. म्हणून हे मशीन पुण्याच्या बाजारात सापडतं यात नवल काही नाही. ते चालू अवस्थेत सापडत नाही, एवढंच.

ठरवलेलं काम असं. मशीन उठवायचं, शक्यतो मूळ आयसी, म्हणजे चिप, न बदलता. कॅसेटी वाचायच्या. आणि त्याच्याच शेजारी, त्याच झेड८० प्रोसेसरच्या दुसऱ्या बोर्डावर सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची. या तिसऱ्या कलमाला कारण आहे आतेभाऊ. तो शाळेत बीबीसी मायक्रो या दुसऱ्या कम्प्युटरवर शिकला आणि गेली पस्तीसेक वर्षं मला एकच ऐकवतो: "तुमच्याकडे ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच रे. नुसतं बेसिक होतं."

२० जून

दोन्ही पालख्या आज शहरात. रस्ते बंद, त्यामुळे घरीच. मशीन उघडलं.

वीज द्यायच्या आधी एक गोष्ट: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण असतो. आज दुकानात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या अ‍ॅडॉप्टरांत मधोमध धन असतो. ही मशीनं माळ्यावरून उतरतात ती बरेचदा याच कारणाने मरतात. कोणीतरी घरातला राउटरचा अ‍ॅडॉप्टर खुपसून बघतो. या मशीनचं तसंच झालं असावं अशी शंका आहे, कारण कॉइलजवळचा एक ट्रान्झिस्टर वरून तडकलेला दिसतोय.

बेंच सप्लायवरून ९ व्होल्ट दिले, करंटवर मर्यादा ठेवून. मग खालच्या मेमरीच्या आयसींवर मीटर लावला. हे ४११६ जातीचे आयसी म्हणजे नखऱ्याचं प्रकरण. प्रत्येकी १६ किलोबिट, असे आठ, आणि प्रत्येकाला तीन-तीन व्होल्टेज: पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, पिन १ वर उणे ५. त्यातले उणे ५ गेले आणि १२ राहिले, तर आयसी तापून मरतो. माझ्या इथे ५ ठीक. १२ च्या जागी बारा नाहीत. उणे ५ च्या जागी शुद्ध शून्य.

लगेच बंद केलं.

२४ जून

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. झेडटीएक्स ६५० हा ट्रान्झिस्टर मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने आत हाक मारली, आतून काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय, स्पेक्ट्रम का?" एवढ्याने दिवस सत्कारणी लागला. ट्रान्झिस्टर त्यांच्याकडे नव्हता, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे मिळाले, चांगल्या प्रतीचे आणि बऱ्या भावात. ट्रान्झिस्टर कुरिअरने मागवला.

२८ जून

दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले, कपॅसिटर बदलले. ७८०५ रेग्युलेटर आणि त्याचं ते पत्र्याचं भलंमोठं हीटसिंक काढून तिथे छोटा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. शुद्धतावादी मंडळी रागावतील, पण उन्हाळ्यात पुण्यात हे मशीन वापरायचं तर कीबोर्डखाली तवा नको. मूळ भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवलेत.

आता १२ आहेत, ५ आहेत, उणे ५ आहेत. टीव्हीचा मॉड्युलेटर बाजूला करून चित्र थेट कॉम्पोझिटने मॉनिटरवर घेतलं. पडद्यावर काळेपांढरे उभे पट्टे. म्हणजे झेड८० जिवंत, यूएलए (चित्र सांभाळणारी चिप) जिवंत, मेमरीत घोटाळा.

यावर जुन्या दुरुस्तीवाल्यांची युक्ती: चांगला आयसी घ्यायचा, त्याचे पाय किंचित आत दाबायचे आणि संशयिताच्या पाठीवर बसवायचा. एकेकावर चढवत गेलो. एकावर चढवताच पट्टे नाहीसे झाले आणि पडद्याखाली ओळ उमटली, सिंक्लेअर रिसर्च, १९८२. तो आयसी काढून सॉकेट लावलं.

चालू होताना जे दिसतं ते मी विसरूनच गेलो होतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकून जातात. शोभेसाठी नाही ते. रॉम, म्हणजे मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम, सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरून बघतो की तो तिथे टिकतो का. पडद्याची मेमरीही त्याच रॅममध्ये असल्याने ती भरली की चित्र दिसतं, आणि रंगांच्या जागेत २ म्हणजे लाल. मशीनची तब्येत-तपासणी उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

२९ जून

आनंद अर्धाच. २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवर मशीन स्वतःची मेमरी कुठवर आहे ते लिहून ठेवतं. पीक (मेमरीतला आकडा वाचायचा बेसिकचा आदेश) करून पाहिलं: ३२७६७. ४८केच्या मशीनला यायला हवेत ६५५३५. म्हणजे वरचे ३२के गायब, आणि मशीन स्वतःला बिनतक्रार १६के समजतंय.

हे वरचे ३२के म्हणजे काटकसरीचा नमुना. ६४ किलोबिटचे जे आयसी कारखान्यात अर्धे सदोष निघत, ते सिंक्लेअरने स्वस्तात घेतले आणि त्यांची चांगली अर्धी बाजू वापरली. कुठली बाजू चांगली, ते बोर्डावरच्या एका तारेच्या तुकड्याने सांगायचं. १७५ पौंडांत ४८के कसे बसले त्याचं एक उत्तर हे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट इतक्या हुशारीने केलेली कंजुषी पुण्यात रुजली नसती तरच नवल.

५ जुलै

वरच्या बाजूला मूळ आयसी न बदलण्याचा हट्ट सोडला. पूर्ण चांगले ४१६४ मिळतात आणि ते त्या जागी सरळ बसतात. पाऊस, हवा दमट, सोल्डर विक ओढून ओढून बोटं काळी. संध्याकाळी पीक: ६५५३५.

६ जुलै

आषाढी. दादा (आतेभाऊ) आला. साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्याने कीबोर्डवर पीचं बटण दाबलं, पडद्यावर एकदम 'प्रिंट' असा अख्खा शब्द आला आणि तो हसायला लागला. "अजून तसंच आहे! एक अक्षर दाबलं की भाषण!"

खरं तर तीही काटकसरच. स्पेक्ट्रमवर बेसिकचा आदेश अक्षरं टाइप करून द्यायचा नसतो. एका बटणावर एक शब्द, मेमरीत एक बाइट. रॉमला शब्द ओळखत बसायचं काम उरत नाही.

वाद मात्र नीट झाला, म्हणून इथे मांडून ठेवतो. १९८४-८५ पासून सरकारच्या 'क्लास' योजनेत देशभरच्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. दादाची शाळा त्यातली. मशीन एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचं, १९८१ अखेरचं. ६५०२ प्रोसेसर, ३२के रॅम. त्यात वरच्या १६केमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र, तिच्याखालच्या १६केमध्ये भाषेचं रॉम, आणि ते रॉम बदलता यायचं. बेसिक काढून तिथे वर्ड प्रोसेसरचं रॉम आणलं तरी खालचा कारभार तोच. तारांकन देऊन आदेश लिहिला की तो बेसिककडे न जाता थेट सिस्टिमकडे जायचा. स्पेक्ट्रममध्ये १६केच्या एकाच रॉममध्ये बेसिक, टेप, कीबोर्ड, पडदा सगळं एकमेकांत कालवलेलं. कुठे भाषा संपते आणि कुठे सिस्टिम सुरू होते ते सांगता येणार नाही.

तर दादाचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मी ते त्याच्यासमोर मान्य केलं नाही, इथे करतो.

त्याच्यासमोर मी म्हटलं, "दादा, तुमच्या ३२केतले २०के चांगल्या चित्राच्या मोडमध्ये नुसता पडदाच खायचा. उरलेल्यात काय लिहिणार?" स्पेक्ट्रमचा पडदा ६९१२ बाइटांत मावतो: ६१४४ ठिपक्यांचे, ७६८ रंगांचे. त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच तुमचा हिरो झाडामागून गेला की हिरवा व्हायचा." हेही खरंय. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग, त्यामुळे एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा.

या भांडणाला मोठी परंपरा आहे. एकॉर्नचे ख्रिस करी हे मुळात क्लाइव्ह सिंक्लेअर यांचेच सहकारी. ते बाहेर पडले, हर्मन हाउझर यांच्यासोबत एकॉर्न उभी केली आणि बीबीसीचं कंत्राट सिंक्लेअर यांच्या नाकाखालून नेलं. पुढे १९८४ च्या नाताळात एकॉर्नने जाहिरात दिली, तिचा रोख सिंक्लेअरची मशीनं किती परत येतात यावर होता. केंब्रिजच्या बॅरन ऑफ बीफ नावाच्या पबमध्ये दोघांची गाठ पडली आणि सिंक्लेअर यांनी गुंडाळलेलं वर्तमानपत्र करींच्या डोक्यात हाणलं. त्या मानाने आमच्यात खिचडीचा दुसरा वाढाही झाला.

१२ जुलै

कॅसेटी.

टेपरेकॉर्डर घरचाच, बेल्ट नवा घातला. पहिल्या प्रयत्नात काही नाही. पडद्याची कड लाल आणि आकाशी पट्ट्यांनी फिरत राहते, म्हणजे शिट्टी पोहोचतेय, पण पुढे नाव येत नाही. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू. कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि माझ्या हेडचा कोन वेगळा असणारच. कानाला लावून ऐकायचं, बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचं, आवाज बोदा असतो तो कर्कश होत जातो, आणि सगळ्यात कर्कश होतो तिथे थांबायचं. संगीताच्या कानाला जे असह्य तेच इथे हवं. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली की हे किती वेळ चालणार आहे.

मग जमलं. पाच सेकंद सलग शिट्टी, लाल-आकाशी जाड पट्टे. एक छोटी किर्रर्र, १७ बाइटांचं शीर्षक. पडद्यावर 'प्रोग्रॅम' आणि त्यापुढे रोमन लिपीत 'दूध'. पुन्हा शिट्टी, आणि निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्यांची गर्दी. अर्ध्यावर 'टेप लोडिंग एरर'. स्क्रू अजून केसभर. या वेळी आत आलं.

बाकीच्या कॅसेटींत एकीवर भावगीतं आहेत आणि मधे कुठेतरी तीन मिनिटांची किर्रर्र. भावगीतांवर कोणी प्रोग्रॅम भरला की प्रोग्रॅमवर भावगीतं, ते कळायला मार्ग नाही. सगळ्यांची लॅपटॉपवर ध्वनिफीत करून ठेवली.

१३ जुलै

'दूध' चालवून पाहिला आणि मग लिस्टिंग वाचत बसलो. कुणाच्या तरी घरच्या रतीबाचा हिशोब. महिना विचारतो, गाईचं किती, म्हशीचं किती, खाडे किती. चलांची नावंच 'गाय', 'म्हैस', 'खाडा' अशी, रोमनमध्ये. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये आकड्यांच्या चलांना लांब नावं चालतात, ही चैन त्याने पुरेपूर वापरली आहे. लेखकाचं नाव पहिल्या ओळीत होतं. ते इथे देत नाही.

गृहस्थ साधासुधा नव्हता. एकही शून्य त्याने शून्य म्हणून लिहिलेलं नाही. 'नॉट पाय' लिहिलंय. एकाच्या जागी 'एसजीएन पाय'. दहाच्या जागी अवतरणात १० आणि अलीकडे 'व्हॅल'. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये प्रत्येक आकड्यामागे त्याचं आतलं रूप लपवून साठवलेलं असतं, दर आकड्याला सहा जादा बाइट. ते वाचवायची ही युक्ती. दुधाच्या हिशोबाला ४८केत जागा कमी पडण्याचं कारण नव्हतं. हौस म्हणूनच केलंय.

आणखी एक. त्याने 'रु' हे अक्षर स्वतः घडवलंय. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हं घडवता येतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं, आठ ओळींचे आठ आकडे पोक करायचे, म्हणजे मेमरीत लिहायचे. त्याच्या डेटाच्या ओळीत दुसरा आकडा २५५, म्हणजे आठही ठिपके पेटलेले: ती शिरोरेघ. पहिली ओळ रिकामी सोडलेली, वरच्या अक्षराला चिकटू नये म्हणून. खाली र, आणि उकार नेहमीसारखा पायाशी न काढता कमरेला, 'रु'मध्ये काढतात तसा. उरलेल्या सहा ओळींत एवढं बसवणं सोपं नाही. मी चौकटीच्या कागदावर करून पाहिलं. माझा 'रु' कोळंबीसारखा दिसतो.

पडद्यावर देवनागरी नीट यायला मग डॉसचा काळ यावा लागला. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड पीसीत खोचलं की साध्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी दिसायची, खालच्या प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा.

१९ जुलै

दुसरा बोर्ड. आरसी२०१४ हा संच इंग्लंडच्या स्पेन्सर ओवेन यांनी बेतलेला: आडव्या पट्टीवर उभे खोचायचे छोटे बोर्ड, एकावर झेड८०, एकावर रॅम, एकावर रॉम, एकावर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सोल्डरिंग सोपं, वेळखाऊ. संध्याकाळी टर्मिनलवर 'ए' आणि त्यापुढे बाण. सीपी/एम २.२.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली. पुढे कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हला त्यांची डिजिटल रिसर्च. मशीन कोणाचंही असो, मशीनपुरता थोडासा भाग बदलायचा आणि वरचा सगळा कारभार तोच. म्हणजे दादा बीबीसीच्या बाबतीत जे छाती फुगवून सांगतो ते बीबीसीच्या कित्येक वर्षं आधी, आणि एका मशीनपुरतं नव्हे.

आता मुख्य मुद्दा. स्पेक्ट्रममध्ये झेड८० आहे, ४८के रॅम आहे. मग त्यावर सीपी/एम का चालत नाही? कारण पत्ता शून्य. पंगतीत मानाचा पाट कोणाला, तेवढंच बघायचं. झेड८० चालू झाला की पत्ता शून्यावरची सूचना वाचतो, म्हणून स्पेक्ट्रमने शून्यावर रॉम बसवलं, ० ते १६३८३. सीपी/एमचे प्रोग्रॅम मात्र गृहीत धरून चालतात की ० वर एक उडी आहे, ५ वर दुसरी, आणि २५६ पासून पुढे जागा प्रोग्रॅमची. सिस्टिम स्वतः मेमरीच्या वरच्या टोकाला अंग चोरून बसते. स्पेक्ट्रमवर २५६ हा पत्ता रॉमच्या पोटात आहे, तिथे लिहिताच येत नाही. सिंक्लेअरच्या घरात यजमानच पाटावर बसलेला.

आरसी२०१४ वर चालू होताना शून्यावर रॉम असतं, ते सीपी/एमला आत आणतं आणि मग स्वतःला बंद करून खालची रॅम उघडी करतं. १९८७ च्या स्पेक्ट्रम प्लस थ्रीमध्येही अशी सोय केली, आणि त्यावर सीपी/एम चालली. तोवर उशीर झाला होता. सिंक्लेअर यांनी कम्प्युटरचा धंदा एप्रिल १९८६ मध्येच अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांत विकला होता.

रॉममध्ये तरी जागा होती का? १४४४६ पासून पीक करून पाहिलं: २५५, २५५, २५५. तिथून १५६१५ पर्यंत ११७० बाइट कोरेच. रॉम लिहिणारे नाइन टाइल्सचे स्टीव्ह व्हिकर्स. काम पुरतं व्हायच्या आत मशीन बाजारात गेलं, आणि ते व रिचर्ड ऑल्टवासर बाहेर पडून स्वतःचं ज्युपिटर एस काढायच्या मागे लागले.

२० जुलै

भाचा आला. लिनक्सवाला, कडवा. टर्मिनलवर 'डीआयआर' टाइप केलं आणि फायलींची यादी आली तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तर डॉस आहे."

डॉसच याच्यासारखी आहे, असं त्याला उलट करून दाखवलं. सीपी/एमच्या डीडीटी या मेमरी तपासायच्या प्रोग्रॅमने पत्ता ० पाहिला: पहिला बाइट १९५, उडीची सूचना. ५ वर पुन्हा १९५. मग त्याच्याच लॅपटॉपवर फ्रीडॉस चढवलं, डीबगमध्ये प्रोग्रॅमच्या आधीचे २५६ बाइट उघडले. सुरुवातीला २०५ आणि ३२, म्हणजे 'प्रोग्रॅम संपला'ची सूचना. ५ वर सिस्टिमला हाक मारायची सोय. प्रोग्रॅमची सुरुवात २५६ वर. प्रोसेसर वेगळा, कंपनी वेगळी, आणि पाटावरची जागा तीच. सिअ‍ॅटल कम्प्युटर प्रॉडक्ट्सच्या टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस लिहिली ती सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज उचलून आणता यावेत अशीच. १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये आयबीएम पीसीवर तीच गेली.

किल्डॉल विमान उडवायला गेले म्हणून आयबीएमचा सौदा हुकला, ही गोष्ट भाच्यालाही माहीत होती. चटपटीत आहे म्हणून टिकली. मला किमतीचा हिशोब जास्त पटतो: पीसीसाठी पीसी-डॉस ४० डॉलरला, सीपी/एम-८६ २४० डॉलरला. दुकानात उभ्या माणसाला सहापट पैसे कशाचे द्यायचे ते कोणी सांगितलंच नाही.

डिजिटल रिसर्चने पुढे डीआर-डॉस काढून हिशोब बराच चुकता केला. ती चांगली होती, ५.० वापरलेल्यांना विचारा. मग विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत एक लपवलेला, मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला तुकडा निघाला: खाली मायक्रोसॉफ्टची डॉस आहे का ते बघायचं, नसेल तर घाबरवणारा संदेश दाखवायचा. विक्रीच्या आवृत्तीत तुकडा होता पण बंद ठेवलेला. डीआर-डॉस विकत घेतलेल्या कॅल्डेराने दावा लावला, तो २००० मध्ये तडजोडीने मिटला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लढाईत मला खरोखर राग येतो तो एवढ्याच प्रकरणाचा. बाकीचं सगळं गंमतीचं.

भाचा खूश. म्हणाला, "म्हणूनच लिनक्स."

"अरे, तुमच्या टोरवाल्ड्सच्या घरी काय होतं माहितीये?" सिंक्लेअर क्यूएल. १९८४ चं मशीन, एकाच वेळी अनेक कामं करणारी सिस्टिम रॉममध्येच, धंद्यात सपशेल पडलेलं. पुढे लिनक्स लिहिणाऱ्या हेलसिंकीच्या त्या पोराने त्यावर स्वतःचा असेंब्लर आणि एडिटर लिहिला. भाच्याने फोनवर शोधून खात्री केली. मामाच्या शब्दावर विश्वास नाही.

२ ऑगस्ट

आरसी२०१४ वर वर्डस्टार. नव्वदच्या सुरुवातीला क्लासमध्ये डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस अशी चळत शिकवायचे. कंट्रोल केबी, कंट्रोल केके हे अजून बोटांत आहे, मेंदूला विचारावं लागत नाही. वर्डस्टार मुळात सीपी/एमचा, १९७८ चा. या नोंदीतला १९ जुलैचा भाग रोमन लिपीत त्यावरच आधी खरडला, मग इथे उतरवला.

स्पेक्ट्रमच्या कीबोर्डाची मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ पापुद्रा) बघितली. शेपट्या कडक होऊन एकीला चीर गेलीय. क्यू ते टी ही अख्खी ओळ अधूनमधून बहिरी होते. चिकटपट्टीने भागणार नाही, नवी मागवावी लागेल.

१५ ऑगस्ट

सुट्टी. दादा झेंडावंदन करून थेट इकडे, हातात मोठी पिशवी. मँचेस्टरला नोकरीत असताना जुना घेतलेला बीबीसी मायक्रो, कित्येक वर्षं माळ्यावर. आल्या आल्या सुरू: "तुझ्या खिशातल्या फोनमधला प्रोसेसर कुठला?" एआरएम. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला एकॉर्नमध्येच चालू झाली, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची. "म्हणजे जिंकलं कोण?"

मी म्हटलं, "दादा, एकॉर्न कुठे आहे आता?" तो म्हणाला, "सिंक्लेअर कुठेय?" झेड८० सुद्धा गेला. झायलॉगने जून २०२४ मध्ये मूळ जातीच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. मी खोक्यात थोडे साठवून ठेवलेत, ते त्याला दाखवले नाहीत.

तोवर त्याने प्लग उचलला होता. हातातून काढून घेतला. या मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सवर बसवलेले गाळणीचे कपॅसिटर इतक्या वर्षांत तडकतात, आणि वीज लावली की मिनिटा-दोन मिनिटांत धूर. आधी ते काढायचे. पेटी उघडून पाहिलं: दोन्हींच्या पिवळट पारदर्शक अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा.

तपकीर गल्लीची यादी: मेन्ससाठीचे एक्स२ दर्जाचे कपॅसिटर, दोन्ही किमतींचे, सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक, तीन अँपियरचा फ्यूज. मेम्ब्रेन कुरिअरने. पैसे दादा देणार, असं दादा म्हणालाय.